पेठेचं रहिवासी मंडळ : वर्गणी द्यावी का?

राजापूरच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. आमच्या पेठेतल्या रहिवासी मंडळाचे बहुतेक कागद माझ्याच मशीनवर निघतात, म्हणून लोक मलाच विचारतात, "ताई, त्या मंडळाची वर्गणी द्यायची का? मिळतं काय त्यातून?" वर्षाला तीनशे रुपये. गणपतीची वेगळी, शिमग्याची वेगळी, त्यात ही आणखी एक, तेव्हा विचारणं रास्त आहे. मी वर्गणी भरते आणि तुम्हीही भरावी असं मला मनापासून वाटतं. पण मंडळाची एक गोष्ट मला अजिबात पटत नाही, तीही इथेच सांगणार आहे.

महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी शाळेच्या पडवीत मंडळाची बैठक असते. तिथे पोस्टातून निवृत्त झालेले एक मास्तर टेबल मांडून बसतात. तुमचं नगरपरिषदेत, तहसीलला किंवा वीज कार्यालयात काही अडलं असेल तर ते तुमच्या वतीने जात नाहीत आणि कोणाला फोनही लावत नाहीत. समोर कोरा कागद सरकवतात आणि म्हणतात, "तू लिही, बाय. मी फक्त विषय कसा मांडायचा ते सांगतो." तारीख, विषय, संदर्भ, खाली सही आणि दोन प्रती. एक प्रत आत द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. पोच हातात आल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरायची नाही, हा त्यांचा एकच नियम.

वरच्या पाखाडीवर राहणाऱ्या एक आजी आहेत. त्यांच्या गडग्याखालून जाणारी नळाची पाइप सांध्यातून गळायची आणि घरात पाण्याला जोर नसायचा. आजींना लिहिता येत नाही. मास्तरांनी त्यांच्या नातीला बसवलं आणि आजींच्या तोंडचा मजकूर जसाच्या तसा लिहायला लावला. सोमवारी दोघी स्वतः नगरपरिषदेत गेल्या. परतताना दुकानात आल्या तेव्हा आजींनी कमरेच्या पिशवीतून ती पोच काढून काउंटरवर पसरली आणि शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा बघ, माझा नंबर." सांधा दुरुस्त झाला. त्यानंतर त्याच पाखाडीवरच्या बायका रस्त्याच्या दिव्यासाठी, गटारावरच्या फुटक्या फरशीसाठी आपापले अर्ज घेऊन माझ्याकडे प्रती काढायला येऊ लागल्या. आधी यातली एकही बाई नगरपरिषदेची पायरी चढली नव्हती. घरातल्या पुरुषाला सांगायचं, त्याने नगरसेवकाला सांगायचं आणि वाट बघत बसायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

नगरसेवकांच्या वाटेने जाणं तर मधल्या काळात शक्यच नव्हतं. राज्यभर नगरपरिषदांच्या निवडणुका अडकून पडल्या होत्या आणि त्या झाल्या एकदम डिसेंबर २०२५ मध्ये. तोवर कारभार प्रशासकांच्या हाती. त्या काळात थेट मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करायला मंडळाने लोकांना शिकवलं, हे मी या मंडळाचं सगळ्यात मोठं काम मानते. मोठ्या शहरांची गोष्ट वेगळी आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांत. २०११ च्या जनगणनेत राजापूर शहर दहा हजारांच्याही आत. म्हणजे आपल्या आळीचं म्हणणं ऐकायला अशी समिती आपल्या वाट्याला येत नाही. ती जागा आपणच धरायची आहे.

माहितीच्या अधिकाराचे अर्जही मास्तरांच्या टेबलावर होतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नेमका प्रश्न, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. मास्तर "का केलं नाही?" असा प्रश्न लिहू देत नाहीत. "काय मंजूर झालं, किती रकमेचं, कोणत्या तारखेला, त्याची प्रत द्या" असंच लिहायला लावतात, कारण "का?" विचारलं की उत्तर टाळता येतं, कागद मागितला की तो द्यावा लागतो. हे मला दुकानात बसून कधीच कळलं नसतं.

वर्षातून एकदा नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाचं वाचन होतं. खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास कंटाळवाणा जातो. मग घरपट्टी किती जमा, पाणीपट्टी किती, शासनाचं अनुदान किती, असे आकडे फळ्यावर खडूने लिहिले जातात आणि लोक सरसावून बसतात. आपण भरलेल्या पैशावर शहर चालत नाही, बरंचसं वरून येणाऱ्या अनुदानावर चालतं, हे तिथे समोर दिसतं. कचऱ्याचं काम मात्र मला साधारणच वाटलं. ओला, सुका आणि घातक असा तीन डब्यांचा आग्रह होता, तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांची पत्रकं वाटली, वेंगुर्ल्याचा कचरा प्रकल्प बघायला गाडी काढून लोकांना नेलं. महिनाभर सगळे जोरात होते, मग सैल पडले.

आता पुराबद्दल. राजापूर बाहेरच्या कोणाला सांगायचं तर अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या शहरातच एकत्र येतात. एके काळी गलबतं खाडीतून वर येत, म्हणून तर इथे इंग्रजांची वखार होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती ताब्यात घेतली. पुढे पात्र गाळाने भरत गेलं, बंदर गेलं, आणि आता जोराचा पाऊस झाला की जवाहर चौकात पाणी येतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर मंडळाने फोनची साखळी केली. प्रत्येकाने फक्त पुढच्या दोन घरांना किंवा दुकानांना फोन करायचा आणि उचलला नाही तर दारावर जाऊन थाप मारायची. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाचा माल जड आहे, कुणाला पहिल्या मजल्यावर जागा आहे, याची यादी मे महिन्यातच तयार होते आणि मीच तिच्या प्रती काढते.

गेल्या पावसात रात्री फोन आला तेव्हा मी घरी होते. दुकानाशी पोचले तर शटर उघडं होतं, किल्ली यादीप्रमाणे समोरच्या मेडिकलवाल्यांकडे असते. चौघांनी झेरॉक्स मशीन उचलून जिन्याने वर नेलं होतं. कागदाची रिमं पोटमाळ्यावर चढवत होते. सगळ्यात खालच्या फळीवरच्या वह्या तेवढ्या भिजल्या. मशीन पाण्यात गेलं असतं तर माझं दुकान बंद पडलं असतं, यात शंका नाही. मशीनच्या एका कोपऱ्याला शेजारच्या मोहल्ल्यातला मासळीवाला होता. त्याचं नि माझं त्याआधी कधी बोलणंही झालं नव्हतं. पाणी उतरल्यावर सकाळी तोच फावडं घेऊन चिखल ओढायला आला.

आणि आता जे पटत नाही ते. मंडळाच्या घटनेप्रमाणे मत फक्त घरमालकाला आहे. मी गाळेधारक आहे, भाड्याने आहे. तो मासळीवालाही भाड्याने आहे. वर्गणी आमच्याकडून घेतात, साखळीत आमची नावं आहेत, चिखल आम्ही ओढतो, पण वार्षिक सभेत हात वर करायचा अधिकार आम्हाला नाही. उलट मुंबईला राहणारे मालक, जे गणपतीला आणि शिमग्याला येतात, त्यांचं मत पत्राने चालतं. मला चाकरमान्यांशी भांडायचं नाही. त्यांच्या पैशाने शाळेची पडवी दुरुस्त झाली, त्यांचं गावावर प्रेम आहे. पण पाणी त्यांच्या दाराशी येतं तेव्हा दाराआड आम्ही असतो. नदीतला गाळ काढण्याची मागणी कोणत्या टप्प्यापासून करायची, यावर मतदान झालं आणि बाजाराच्या खालच्या टोकाचा एकही गाळेधारक त्यात नव्हता. अशा ठरावाला बाजाराचा ठराव म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सभा संध्याकाळी सात वाजता असते. त्या वेळी दुकानं उघडी असतात आणि घराघरांत चुलीवर भात असतो. रविवारच्या टेबलाला बायका असतात, सभेला दोनतीनच दिसतात. निवडणुकीआधी उमेदवारांना एकत्र बोलावून गाळ, पाण्याची वेळ आणि घरपट्टीवर प्रश्न विचारले, तो कार्यक्रम मात्र दुपारी ठेवला होता आणि पडवी भरून अंगणात माणसं उभी होती. पक्षाचे झेंडे नाहीत, प्रत्येकाला सारखाच वेळ. त्या दिवशी सगळ्यात धारदार प्रश्न बायकांनीच विचारले. वेळ बदलली की माणसं येतात, हे मंडळाने स्वतःच दाखवून दिलेलं आहे.

मतदार यादीचं काम मात्र पूर्ण गुण देण्यासारखं. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींचे नमुना ६ आणि पत्ता बदललेल्यांचे नमुना ८ कॉलेजातल्या पोरांनी दारोदार फिरून भरून घेतले. माझा पत्ताही त्यांच्यामुळेच बदलून झाला. शहराच्या निवडणुकीत भाडेकरूला मत आहे आणि आळीच्या मंडळात नाही, हे तेव्हाच माझ्या डोळ्यांवर आलं.

तेव्हा नव्याने राहायला आलेल्यांनी, भाडेकरूंनी आणि विशेषतः बाजारात दुकान असणाऱ्यांनी तीनशे रुपये जरूर भरा, आणि भरताना पावती मागा. हिशेब मार्चअखेर शाळेच्या फळ्यावर लागतो, तो वाचा. पहिल्या रविवारी कागद-पेन घेऊन या, मास्तर दहा वाजता येतात.

गाळेधारकांना आणि भाडेकरूंना मत द्यावं असा अर्ज मी मंडळाला दिला आहे, दोन प्रतींत. माझ्या प्रतीवर मास्तरांनी स्वतः पोच लिहून दिली. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत तो शेवटून दुसरा आहे. ज्यांना मत आहे त्यांनी तो विषय येईपर्यंत उठू नका.