आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा मानावा का? दोन बाजूंच्या युक्तिवादांची तुलना

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नासाठी एक वर्षापर्यंतची साधी कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. या तरतुदीविषयी मत ठरवणाऱ्याने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. असे कलम राज्यघटनेत बसते का, हा पहिला. आणि बसत असले तरी ते असावे का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नावर न्यायालयांचीच मते बदलली. भाषणस्वातंत्र्यात जसे न बोलण्याचे स्वातंत्र्य येते, तसा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात न जगण्याचाही हक्क येतो, असे मानून मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठानेही १९९४ मध्ये पी. रथिनम खटल्यात ते रद्दबातल केले. मात्र १९९६ मध्ये ज्ञान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा तर्क नाकारला. गप्प राहण्यासाठी काहीच करावे लागत नाही, जीवन संपवण्यासाठी कृती करावी लागते, आणि अशा कृतीचे मूळ जीविताच्या संरक्षणात शोधता येत नाही, असे त्याचे म्हणणे. मला हे उत्तर अधिक भक्कम वाटते.

तरीही कलम वैध ठरले म्हणून ते योग्य ठरत नाही. प्रत्येक जीव वाचवण्यात राज्याचे हित आहे, शिक्षेची जरब बसते आणि हा गुन्हा काढला तर आत्महत्येस प्रवृत्त करणारेही सुटतील, अशी समर्थकांची मांडणी असते. यांतला शेवटचा मुद्दा टिकत नाही, कारण इंग्लंडने १९६१ मध्ये आत्महत्येचा गुन्हा रद्द करतानाच त्यासाठी साहाय्य करणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. जरबेचा मुद्दा तर मला उलटाच दिसतो: ही शिक्षा केवळ वाचलेल्या माणसालाच होऊ शकते आणि पोलिसांच्या भीतीने घरचे लोक डॉक्टरांपासूनही खरी हकिगत लपवतात. जीव वाचवणे हेच राज्याचे हित असेल, तर ते उपचारांनीच साधते. विधी आयोगानेही २००८ च्या २१० व्या अहवालात कलम वगळण्याची शिफारस केली.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिच्यावर खटला चालवता येत नाही आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ सारखा सरसकट गुन्हा नाही. कलम २२६ मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी किंवा त्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेल्या प्रयत्नाला शिक्षा सांगते. हेतूवर आधारलेली ही मर्यादित तरतूद मान्य करतानाही कलम ११५ चे गृहीतक आधी लागू व्हावे, असे माझे मत आहे, कारण दबाव आणू पाहणारा माणूसही खऱ्याखुऱ्या तणावाखाली असू शकतो.