ऑइलमध्ये पहिली रेनेसान्स कॉपी: लिओनार्दो घ्यायचा की टिशियन?

लिओनार्दोची ‘लेडी विथ अ‍ॅन अर्मिन’ (अर्मिन हा मुंगसासारखा छोटा प्राणी हातात घेतलेली बाई) करू की टिशियन ह्या इटालियन चित्रकाराचा तो निळ्या फुगीर बाहीवाला माणूस, असा प्रश्न असेल तर माझं मत आधीच सांगते, पहिल्यांदा टिशियन घ्या.

लिओनार्दोचं चित्र (साधारण 1490, सध्या क्राकोव्हला) जेमतेम 54 बाय 40 सेंमी आहे म्हणून सोपं वाटतं, पण गालावरचा उजेड हनुवटीखाली सावलीत नेमका कुठे शिरतो ते बोट ठेवून दाखवताच येत नाही, कडाच नाही तिथे. म्हणजे पातळ थरावर पातळ थर, आणि प्रत्येक वेळी वाळायची वाट बघत बसायचं. त्याने ओला रंग बोटांनीही मिसळलाय, ठसे सापडलेत. ड्रॉइंग तर त्याने स्वतः कागदाला भोकं पाडून, कोळशाची पूड मारून लाकडी पॅनलवर उतरवलं होतं, तेव्हा तुम्ही ट्रेस केलंत तर काहीच गैर नाही. आणि मागचा काळा रंग मूळचा नाही हां, नंतर कोणीतरी मारलाय, त्यामुळे आउटलाइन कडक झालीये, ती बघून कडा शिकू नका.

टिशियनचं (साधारण 1510, लंडनची नॅशनल गॅलरी) कॅनव्हासवर आहे, 81 बाय 66 सेंमी. अर्धं चित्र ती बाहीच, आणि तिथे मोठा ब्रश घेऊन बिनधास्त काम करता येतं, आधी तीन टोन (उजळ, मधला, गडद), मग शिवणीच्या बारीक सावल्या, एखादी घडी इकडेतिकडे झाली तरी माणूस बदलत नाही. लिओनार्दोत डोळा एक मिलिमीटर सरकला की दुसरीच बाई दिसते. शिवाय सावलीकडचा काळा झगा करड्या बॅकग्राउंडमध्ये कसा विरघळलाय ते बघा, कुठली कड धरायची कुठली सोडायची हे इथेच कळतं. डच चित्रकार रेम्ब्रांटने 1640 च्या सेल्फ पोर्ट्रेटची पोज ह्याच्यावरूनही घेतली.

अंडरपेंटिंग (खऱ्या रंगांआधीचा पहिला एकरंगी थर) रॉ अंबर ह्या तपकिरी रंगात करा, टर्पेन्टाइनने पातळ केलेलं, लवकर वाळतं. तेल वरच्या थरांतच वाढवायचं, उलटं केलं तर पुढे तडे जातात. टायटॅनियम व्हाइट जपून, तो विसाव्या शतकातला, लिओनार्दो-टिशियनकडे शिशाचा पांढरा होता जो विषारी आहे, तो आणूच नका. टायटॅनियमने त्वचा खडूसारखी दिसते म्हणून त्यात किंचित यलो ओकर (मातकट पिवळा) टाका.

ड्रॉइंग पक्कं असेल आणि तरी लिओनार्दोच करायचा असेल तर अख्खं चित्र नको, नुसता तो अर्मिनवरचा हात घ्या, बोटांची हाडं इतकी स्वच्छ समजतात की शिकायला तेवढं भरपूर आहे.