तुलुमची तटबंदी आणि दोस ओखोसचे पाणी

मेक्सिकोच्या किन्ताना रो राज्यातील तुलुम पाहायला बहुतेक जण कॅरिबियन समुद्राच्या निळाईसाठी जातात, आणि ती निळाई खरोखरच डोळ्यांचे पारणे फेडते. परंतु मला अधिक मोलाची वाटली ती तिथली तटबंदी. सुमारे 12 मीटर उंचीच्या कड्यावर वसलेल्या, प्राचीन माया संस्कृतीच्या या नगराच्या पूर्वेस समुद्र आहे, तर उरलेल्या तीन बाजूंना चुनखडीच्या दगडांची जाडजूड भिंत असून तिला पाच अरुंद दरवाजे आहेत. 13व्या ते 15व्या शतकांत हे बंदर भरभराटीला आले होते आणि येथे होड्यांतून ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखीजन्य काचेचा, व्यापार चालत असे.

‘एल कास्तियो’ ही मुख्य वास्तू समुद्राकडे पाठ करून उभी आहे. तिच्यावर चढायला मनाई आहे, आणि वास्तूची झीज पाहता ही मनाई योग्यच आहे. भित्तिचित्रांच्या मंदिरातही आत जाता येत नाही, मात्र त्याच्या कोपऱ्यांवर कोरलेले मोठे चेहरे बाहेरून नीट दिसतात आणि त्यांच्यासमोर निवांत थांबावे. उत्तरेकडच्या ‘सेनोतेच्या घरा’वरून (सेनोते म्हणजे चुनखडीतले पाण्याने भरलेले नैसर्गिक विवर) गर्दी सरळ पुढे निघून जाते, याची मला खंत वाटली, कारण त्याच्याखाली गोड्या पाण्याचा छोटा साठा आहे आणि खाऱ्या समुद्राच्या काठावरच्या या नगराच्या जगण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

ते समजून घेतल्यावरच दोस ओखोस या सेनोतेला जावे. तुलुम ज्या युकातान द्वीपकल्पावर आहे, त्याच्या उत्तर भागात पृष्ठभागावरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीत. पावसाचे पाणी चुनखडीत झिरपते, खडक विरघळवत भुयारे तयार करते, आणि भुयाराचे छत कोसळले की सेनोते उघडा पडतो. दोस ओखोसच्या भुयारांचे जाळे आणि साक आक्तुन हे दुसरे जाळे एकमेकांना जोडलेले असल्याचे 2018 मध्ये सिद्ध झाले, आणि या जलमग्न भुयारांची एकत्रित लांबी तेव्हा सुमारे 347 किलोमीटर भरली. पाणी इतके नितळ आहे की डोळ्यांवर मास्क लावून नुसते तरंगले तरी बुडालेले लवणस्तंभ खालपर्यंत दिसतात. पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करून अंगावरचे सनस्क्रीन धुऊन काढावे. हेच पाणी भूगर्भातून दूरवर जाते, त्यामुळे हा नियम मनापासून पाळायला हवा.

अवशेषांच्या परिसरात सावली फार थोडी आहे आणि माहितीफलक अपुरे वाटतात, म्हणून दरवाजे उघडताच आत शिरावे, जाणकार वाटाड्या घ्यावा आणि दुपारचे ऊन सेनोतेत घालवावे. कानकुन शहराहून तुलुम सुमारे 130 किलोमीटर आहे. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांना मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही, त्यामुळे अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हा प्रवास विशेष सोयीचा आहे.