पोल पॉटची कल्पना, स्टालिनची पेन्सिल

हुकूमशहा अमूर्त विचार करणारा जास्त घातक की बारीकसारीक तपशिलात रमणारा? कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉट पहिल्या जातीचा. एप्रिल १९७५ मध्ये त्याच्या सैन्याने राजधानी नॉम पेन्ह रिकामी केली, अगदी इस्पितळातले रुग्णसुद्धा रस्त्यावर काढले. पैसा रद्द झाला. हेक्टरी तीन टन भाताचं लक्ष्य कागदावर ठरलं. जमीन, पाणी, बियाणं यांचा हिशेब कुणी केला नाही. 'नवा समाज' हा शब्द डोळ्यांसमोर असला की समोरचा उपाशी माणूस दिसतच नाही. चार वर्षांच्या आत पंधरा ते वीस लाख माणसं गेली.

स्टालिन विचारसरणीचा पक्का, पण त्याची नजर नेमक्या माणसावर असे. १९३७-३८ मध्ये मुख्यतः मृत्युदंड द्यायच्या माणसांच्या नावांच्या शेकडो याद्या त्याच्या टेबलावर आल्या, आणि त्याने पेन्सिलीने सह्या केल्या. कधी एखादं नाव खोडलं, तो माणूस वाचला. म्हणजे नाव, हुद्दा सगळं दिसत होतं, तरी हात थांबला नाही.

मला स्टालिनचीच जास्त भीती वाटते. अमूर्ताने आंधळं केलं, असं पोल पॉटबद्दल निदान म्हणता येतं. (त्याने त्याचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही.)