कळांच्या तयारीला वाक्यं की श्वास?

सातवा महिना लागलेल्या मैत्रिणीनं विचारलं, "रोज अफर्मेशन म्हणू की माइंडफुलनेस शिकू? दोन्ही झेपणार नाही गं."

मेहनतीत अफर्मेशन, म्हणजे स्वतःला धीर देणारी वाक्यं म्हणणं, सोपं. चार वाक्यं कागदावर लिहायची, आरशाला चिकटवायची, दात घासताना म्हणायची. माइंडफुलनेसला, म्हणजे श्वासाकडे आणि चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याला, रोज पंधरा-वीस मिनिटं बसावं लागतं, आणि पहिले काही दिवस नुसती चुळबुळ होते. नॅन्सी बार्डॅकी या सुईणीनं १९९८ मध्ये खास बाळंतपणासाठी बेतलेला अभ्यासक्रमही नऊ आठवड्यांचा आहे. म्हणजे नवव्या महिन्यात सुरुवात केली तर उशीरच.

खरा फरक कळांमध्ये. जोरात आलेली कळ साधारण मिनिट-दीड मिनिट टिकते, मग ओसरते. तेव्हा पाठ केलेलं लांबलचक वाक्य कुठलं आठवायला! श्वास मात्र जागेवरच असतो. कळ चढतेय, शिगेला पोचली, उतरतेय, एवढंच बघायचं आणि मधल्या वेळात अंग सैल सोडायचं. सरावाशिवाय हेही जमत नाही, बरं का.

वाक्यांची आणखी एक गोम. स्वतःबद्दल कमी विश्वास असलेल्यांना गोड वाक्यांनी उलट वाईट वाटतं, असं २००९ च्या एका प्रयोगात दिसलं. शिवाय "माझी प्रसूती नैसर्गिकच होणार" घोकलं आणि सिझेरियन झालं, तर अपराधी वाटतं. "जे होईल त्यात मी एकेक श्वास घेईन" हे वाक्य दोन्हीकडे चालतं.

वेळ कमी आणि भीती किरकोळ असेल, तर छोटी वाक्यं पुरतात. मन सतत पुढचंच रंगवत असेल आणि हाताशी दोन-तीन महिने असतील, तर श्वासाचा सराव धर. रात्र-रात्र झोप उडत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांग.