कृत्रिम बुद्धिमत्तेचा जागतिक करार: अणूचा साचा, ओझोनचा की युरोपचा?

पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात, किती पाणी येणार, हे पावसाइतकेच वरच्या धरणांचे दरवाजे कधी उघडतात यावर ठरते, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत भारत आज असाच खालच्या अंगाला आहे. सर्वांत प्रगत चिप बहुतांशी तैवानात घडतात, त्यांच्यासाठी लागणारी चरम अतिनील प्रकाशाची यंत्रे नेदरलँड्समधील एकच कंपनी बनवते आणि सर्वांत मोठी प्रारूपे (मॉडेल) प्रामुख्याने अमेरिका व चीनमधील मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेला आवर घालणाऱ्या जागतिक करारासाठी भारताने कोणत्या आराखड्याच्या बाजूने उभे राहावे हे ज्यांना ठरवायचे आहे, मग ते अभ्यासमंडळातील विद्यार्थी असोत वा खासदारांना निवेदन देऊ पाहणारे नागरिक, त्यांनी प्रत्येक साचा खालच्या अंगाने तपासून पाहावा.

सर्वाधिक दाखला दिला जातो तो अणुप्रसारबंदी कराराचा. हा करार 1970 मध्ये लागू झाला, आणि 1957 पासून कार्यरत असलेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे त्याच्या तपासणीचे काम आहे. निरीक्षक प्रत्यक्ष प्रकल्पावर जातात, युरेनियमचा हिशोब पडताळतात, सील लावतात, कॅमेरे बसवतात. अवाढव्य डेटा सेंटरलाही वीज आणि जागा इतकी लागते की ते लपवणे अवघड आहे, म्हणून ही पद्धत काही अंशी येथेही चालेल. मात्र तयार झालेले प्रारूप ही शेवटी आकड्यांची फाइल असते. ती एकदा बाहेर पडली की तिच्या कितीही प्रती निघतात, आणि युरेनियमसारखा तिचा वजनकाट्यावर हिशोब लागत नाही. त्याहून मोठी अडचण तारखेची आहे. 1 जानेवारी 1967 पूर्वी अणुस्फोट केलेल्या पाच देशांनाच त्या कराराने अण्वस्त्रधारी मानले, आणि हा भेदभाव अमान्य असल्यामुळे भारताने त्यावर आजवर सही केलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेतही अशी रेषा आज ओढली गेली, तर आपण तिच्या कोणत्या बाजूला राहू हे उघड आहे.

ओझोनचा साचा मला अधिक भरवशाचा वाटतो. 1985 च्या व्हिएन्ना करारात ओझोन थराच्या रक्षणाचे सर्वसाधारण बंधन तेवढे होते, आकडा नव्हता. दोनच वर्षांत मॉन्ट्रियल प्रोटोकॉलने रसायनांची नावे आणि कपातीचे वेळापत्रक निश्चित केले, बाहेर राहणाऱ्या देशांशी त्या रसायनांचा व्यापार करण्यावर बंदी घातली आणि कमी वापर असलेल्या विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत दिली. तरीही भारत लगेच सामील झाला नाही. पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च कोण सोसणार, हा आपला प्रश्न होता. 1990 मध्ये लंडन येथे त्यासाठी निधी मान्य झाला आणि 1992 मध्ये भारत करारात आला. पुढे जगातील सर्व देशांनी तो स्वीकारला.

आधी चौकट आणि मग आकडा, ही वाट आपल्यालाही परिचित आहे, फक्त आपल्याकडे मधले अंतर फार लांबले. समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात आले, पण 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडावे, हा नेमका दंडक 2014 मध्ये मिळाला. तोवर ‘समन्यायी’ हा शब्द मागणीपत्रातच राहिला. आकडा असूनही 2023 मध्ये काय झाले, हे आठवून पाहावे: 8.603 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला, वाद न्यायालयात गेला आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. दरवाजा किती दिवसांत उघडायचा आणि न उघडल्यास काय, हे ज्या करारात लिहिलेले नसते, त्याची अंमलबजावणी वरच्यांच्या मर्जीवर राहते, आणि हे मी कळकळीने सांगतो आहे.

अर्थात ओझोन थराला मारक ठरलेला क्लोरोफ्लुरोकार्बन हा पदार्थ होता, त्याला पर्याय निघाले. कृत्रिम बुद्धिमत्ता तशी नाही. युरोपीय संघाच्या कायद्यात प्रारूपाचा धोका व्यापक मानण्यासाठी प्रशिक्षणातील 10 च्या 25 व्या घाताइतक्या गणनक्रिया ही मर्यादा धरलेली आहे, पण तंत्र सुधारत गेले की कमी गणनेतही तितकेच समर्थ प्रारूप घडते आणि मर्यादा जुनी होते. त्यावरही मॉन्ट्रियलमध्ये एक तोड आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. आधीच यादीत असलेल्या रसायनांचे वेळापत्रक प्रत्येक देशाची नव्याने मंजुरी न घेता दोन-तृतीयांश मतांनी कडक करता येते, मात्र त्यासाठी विकसनशील आणि विकसित अशा दोन्ही गटांचे वेगवेगळे बहुमत लागते. खालच्या अंगाच्या देशाला याहून मोलाचे कलम सापडणे कठीण. आकडा सुचवण्याचे शास्त्रीय काम संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट 2025 मध्ये स्थापन करायचे ठरवलेल्या 40 सदस्यांच्या शास्त्रज्ञ मंडळाकडे देता येईल.

तिसरा साचा युरोप परिषदेचा; ही युरोपीय संघाहून वेगळी संस्था आहे. तिचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरील करार 5 सप्टेंबर 2024 रोजी विल्नियस येथे सह्यांसाठी खुला झाला. त्याचा भर मानवी हक्क, लोकशाही आणि कायद्याचे राज्य यांवर आहे. राष्ट्रीय सुरक्षेला त्यातून सूट आहे आणि खासगी कंपन्यांना बंधने कशी लावायची, हे बव्हंशी प्रत्येक देशावर सोडले आहे. मोठा धोका थोपवण्यासाठी तो अपुरा आहे. तरी त्याला कमी लेखू नये. हंगाम संपवून गावी परतलेल्या ऊसतोड बाईचा झिजलेला अंगठा रेशन दुकानातील यंत्रावर उमटत नाही, ती पदराला हात पुसून पुन्हा पुन्हा टेकवते आणि शेवटी रिकामी पिशवी घेऊन परतते, हे मी पाहिले आहे. उद्या पीकविम्याचा दावा किंवा अनुदानाची पात्रता यंत्रच ठरवू लागले, तर नकाराचे कारण मागण्याचा आणि माणसाकडे दाद मागण्याचा हक्क तिला लागणार आहे. अणूच्या किंवा ओझोनच्या साच्यात तो मिळत नाही, इथे मिळतो.

म्हणून निवेदन लिहिणाऱ्यांनी ओझोनचा सांगाडा घ्यावा आणि त्यात हक्कांचे स्वतंत्र प्रकरण मागावे. जागा कमी असेल तर तीन कलमे तरी सोडू नयेत: मर्यादेचा दरवर्षी ठरलेल्या तारखेला फेरविचार, दोन्ही गटांचे स्वतंत्र बहुमत, आणि उल्लंघन आढळल्यापासून किती दिवसांत कारवाई होणार तो आकडा.