थीम ओळखणारा छोटा कोड: आठ महिने वापरल्यानंतर

सदाशिव पेठेतल्या क्लासपासून कोथरूडच्या साडीच्या दुकानापर्यंत वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरच्या बावीस साइट माझ्या गळ्यात आहेत. बहुतेक दुसऱ्याने बनवून अर्धवट सोडलेल्या. थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा फाइल्सचा संच, कुठला हे मालकाला विचारण्यात अर्थ नसतो. पानाच्या सोर्समध्ये ‘थीम्स’ फोल्डरचा पत्ता शोधावा, तर साइट वेगवान करणाऱ्या कॅशच्या प्लगिनने (प्लगिन म्हणजे वरून जोडलेला कोड) सगळ्या सीएसएसचं, म्हणजे सजावटीच्या कोडचं, एकच गाठोडं बांधलेलं.

म्हणून ‘डब्ल्यूपी_गेट_थीम’ हे फंक्शन वापरून ॲडमिन बारमध्ये, म्हणजे लॉगिन केल्यावर साइटच्या माथ्यावर दिसणाऱ्या पट्टीत, थीमचं नाव दाखवणारा कोड लिहिला. हे फंक्शन वर्डप्रेस ३.४ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे, त्यामुळे जुनाट साइटवरही चालतं. कोड ‘एमयू-प्लगिन्स’ फोल्डरमध्ये टाकला, कारण तिथलं प्लगिन डॅशबोर्डवरून बंद करता येत नाही. आमच्या मालकांना दिसेल ते बंद करून बघायची भारी हौस!

पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटलो. साडीच्या दुकानाच्या साइटवर थीमचं नाव म्हणून दुकानाचंच नाव आलं. मला वाटलं, थीम खास बनवून घेतलीय. दुकानाच्या मालकांना, काकांना, तीन दिवसांचं काम सांगून बसलो. प्रत्यक्षात ती चाइल्ड थीम, म्हणजे दुसऱ्या थीमवर बेतलेली, निघाली. नाव येतं ‘स्टाइल डॉट सीएसएस’च्या माथ्यावरच्या कॉमेंटमधून, आणि तिथे कुणीही काहीही लिहू शकतं. मूळ थीम बाजारातली, नेहमीचीच, काम तासाभराचं. काकांनी पैशांचा विषय काढला नाही, पण "तीन दिवस म्हणाला होतात ना?" हे आजही ऐकवतात.

आता नावावर विसंबत नाही. ‘गेट_स्टाइलशीट’ चालू थीमचं फोल्डर देतं, ‘गेट_टेम्प्लेट’ मूळ थीमचं. दोन्ही शेजारी शेजारी दाखवतो. वेगळी दिसली की चाइल्ड थीम. ब्लॉक थीम (जिचे सगळे भाग ब्लॉक जोडून रचलेले असतात ती) आहे का, हेही ‘डब्ल्यूपी_इज_ब्लॉक_थीम’ने तपासतो, ते मात्र ५.९ पासूनच आहे, जुन्या साइटवर फंक्शन आहे का हे आधी बघावं लागतं, नाहीतर साइटऐवजी पांढरा पडदा.

आणखी एक खोच: प्लगिन आधी लोड होतात, थीमची ‘फंक्शन्स’ फाइल नंतर. थीमचं एखादं फंक्शन सापडतं का यावरून ओळख पटवायची असेल तर ‘आफ्टर_सेटअप_थीम’पर्यंत, म्हणजे थीम लोड झाल्याच्या टप्प्यापर्यंत, थांबा.

तक्रार एकच. ७८२ पिक्सेल किंवा त्याहून अरुंद पडद्यावर ॲडमिन बार अशा वरून घातलेल्या नोंदी लपवतो. सीएसएसच्या एका ओळीचं काम आहे, आठ महिने राहिलंय. त्यामुळे मोबाइलवर थीमचं नाव दिसत नाही, आणि लकडी पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना काकांचा फोन आला, की "घरी पोचून सांगतो" एवढंच म्हणतो.